बंदूक एक की दोन?

दोन दिवसांच्या लग्नाला निघालं तरी आपल्या बॅगेत पाच साड्या असतात. एक हळदीची, एक लग्नाची, एक परतीची आणि दोन 'असू द्याव्यात' म्हणून. हा 'असू द्यावं'वाला स्वभाव आपला सगळ्याच बायकांचा. प्रवासात तो फार तर हमालाचं भाडं वाढवतो. पण लेक नेमबाजी शिकायला लागली आणि 'सरावाला बंदुका किती न्यायच्या?' हा प्रश्न घरात आला, की हाच स्वभाव महागात पडू शकतो.

तुम्ही म्हणाल, आमच्या जळगाव जामोदला कापूस, सोयाबीन आणि सातपुड्याचा डोंगर. इथं कुठून आली नेमबाजी? पण मैत्रिणींनो, शाळा-कॉलेजात एनसीसी असते, तिथं मुली रायफल हातात घेतात आणि कुणाची तरी नजर पक्की निघते. अंजली भागवतांची सुरुवात एनसीसीतूनच झाली. पुढे 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही 600 पैकी 597 गुण घेऊन. राही सरनोबतही कोल्हापूरची. 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिनं 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. 2024 साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी या छोट्याशा गावचा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच, आणि मुलाच्या खेळासाठी घरानं कर्ज काढलेलं. म्हणजे हा खेळ फक्त मोठ्या शहरांचा राहिलेला नाही.

मग बंदुका किती? हे सांगायला भेंडवळची घटमांडणी नको. आधी एवढंच विचारायचं, की लेक कोणता प्रकार खेळते?

प्रकार तितकी शस्त्रं

दहा मीटर एअर रायफल खेळणाऱ्या मुलीला एक एअर रायफल पुरते. एअर पिस्तूल खेळत असेल तर एक पिस्तूल. 25 मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत सावकाश नेमाचे 30 आणि झटपट नेमाचे 30 असे दोन भाग असतात, पण पिस्तूल एकच. 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरतात. तिथंही रायफल एकच, फक्त तिची मापं सरकवून घ्यायची. मनू भाकरसारखी खेळाडू एअर पिस्तूल आणि 25 मीटर पिस्तूल असे दोन प्रकार खेळते, तेव्हा तिला दोन वेगळी पिस्तुलं लागतात. हिशेब सरळ आहे: प्रकार एक तर शस्त्र एक. दुसऱ्या प्रकाराकडे वळायचं की नाही, ते लेकीनं आणि तिच्या प्रशिक्षकानं ठरवायचं. 'शेजारणीच्या मुलीकडे दोन आहेत' हे काही कारण नव्हे.

विळी आपल्या हाताची

आपल्या घरातल्या विळीवर आपण डोळे मिटून भाजी चिरतो. माहेरी गेल्यावर वहिनीच्या विळीवर हात जरा अडखळतोच. बंदुकीचंही असंच असतं. ट्रिगर किती दाबला की सुटतो, दस्ता खांद्यात कुठं बसतो, गाल कुठं टेकतो, हे शरीराला पाठ व्हावं लागतं. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका असतो फक्त अर्धा मिलिमीटरचा! टाचणीच्या टोकाएवढा. तिथं 'साधारण सारखीच आहे' असली बंदूक चालत नाही.

आता तासाभराचा सराव धरा. त्यात साठ नेम झाले. एकच बंदूक असेल तर साठही तिच्यावर. दोन नेल्या तर तीस-तीस, शिवाय प्रत्येकीची नेमजुळणी वेगळी, त्यात वेळ जातो तो वेगळाच. स्पर्धेत मुलींना पूर्वी 40 नेम असायचे, 2018 पासून मुलांइतकेच 60 झाले, आणि त्यासाठी सव्वा तास मिळतो. एवढा वेळ एकाच शस्त्रावर मन टिकवायचं तर सरावही तसाच हवा.

मग बिघडली तर?

हा प्रश्न आईच्या मनात येणारच, आणि तो रास्त आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 रोजी मनू भाकरचं पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं. राखीव पिस्तूल घेण्याऐवजी तिच्या चमूनं बिघडलेलंच दुरुस्त करून घेतलं. त्यात मोलाची मिनिटं गेली, वाढीव वेळ मिळाला नाही. मनूला 575 गुण मिळाले आणि अवघ्या दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीच मनू 2024 साली पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली, ही गोष्ट मुलींना जरूर सांगा.

यातून काय घ्यायचं? नियमानं खेळाडूला अधिकाऱ्यांना सांगून शस्त्र दुरुस्त करता येतं किंवा बदलता येतं. बदललेलं शस्त्र मात्र तपासणीतून पास झालेलं असावं लागतं. मोठ्या स्पर्धेत राखीव शस्त्राला अर्थ आहे, पण ते आधीच आपल्या हाताला जुळवलेलं, अधूनमधून चालवलेलं असेल तरच. पेटीत नुसतं झोपलेलं दुसरं पिस्तूल म्हणजे माळ्यावरचा जुना स्टोव्ह. गॅस संपल्यावर काढला तर वात सापडत नाही!

रोजच्या सरावाला मात्र राखीव बंदूक लागत नाही. बिघडलीच तर त्या दिवशी क्लबची मागता येते, नाहीतर छर्रा न घालता नुसती पकड आणि नेम धरायचा सराव करता येतो. तो घरीही होतो, फुकट होतो, आणि मोठे खेळाडूही तो करतात. दुसऱ्या बंदुकीपेक्षा पेटीत बारीक पाने, रबरी रिंगा, नळी पुसायचं सामान आणि जास्तीचे छर्रे ठेवलेले बरे. हवेच्या सिलिंडरवरची मुदतही पाहून ठेवा.

कायदा काय म्हणतो?

साडेचार मिलिमीटरच्या, म्हणजे .177 बोअरच्या, ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. तरी खरेदीचं बिल आणि क्लबचं ओळखपत्र सोबत असू द्यावं. .22 च्या शस्त्राला मात्र परवाना लागतोच. 2019 च्या दुरुस्तीनं साध्या परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. खेळाडूंना 2020 साली सवलत मिळाली: नवोदितांना दोन, आणि नामवंत नेमबाजांना किती प्रकार खेळतात त्यानुसार आठ, दहा किंवा बारापर्यंत. पण कायद्यानं मुभा दिली म्हणजे आपल्याला गरज आहे, असं थोडंच आहे?

ओझं कुणाच्या खांद्यावर?

आपल्याकडून निघायचं म्हणजे एसटीनं नांदुरा, तिथून रेल्वे. नियमानं एअर रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं. त्यात जाड जाकीट, पँट, बूट, हातमोजा, स्टँड. एका पोरीच्या दोन्ही हातांना एवढं पुरे झालं. बंदूक कुलूपबंद पेटीत, रिकामी, आणि नळीत ती भडक रंगाची सुरक्षा-दोरी घातलेली असावी. पेटी क्षणभरही नजरेआड करायची नाही. रेंजवर अधिकाऱ्यांनी सांगितल्याशिवाय ती उघडायचीही नाही. एक बंदूक सांभाळणं आणि दोन सांभाळणं यात फरक आहे हो. लक्ष वाटलं गेलं की चूक शिरते, आणि या खेळात चुकीला माफी नसते.

शेवटी पैशाचं. चांगली परदेशी एअर रायफल लाखाच्या पुढेच जाते. कपाशीच्या भावावर चालणाऱ्या घरात तेवढ्याच पैशात दुसरी रायफल घ्यायची, की दोन-तीन वर्षांचे छर्रे, जाकीट, प्रशिक्षकाची फी आणि जिल्हा-राज्य स्पर्धांचं गाडीभाडं भागवायचं? पैसे आधीच संपले तर दोन रायफली घरात राहतील आणि लेक मात्र रेंजवर जाणार नाही. अगदी सुरुवातीला तर एकही विकत घेऊ नका. वर्षभर क्लबच्या बंदुकीवर शिकू द्या. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर आजी नातीला सोबत म्हणून रेंजवर गेल्या आणि साठी उलटल्यावर तिथंच नेमबाज झाल्या. घरून त्या काही बंदूक घेऊन गेल्या नव्हत्या.

तर मैत्रिणींनो, सरावाला एक बंदूक, तीही लेकीच्या हाताला बसलेली. दुसरीचा विचार ती दुसरा प्रकार खेळू लागेल किंवा राज्य-राष्ट्रीय पातळीवर पोचेल तेव्हा, प्रशिक्षकाला विचारून. आणि तुमच्या घरात कुणी 'पोरीच्या जातीला बंदूक कशाला?' असं म्हणालंच, तर त्यांना कोल्हापूरच्या दोन पोरींची नावं सांगा. मग बंदुका किती हा हिशेब आपण आणि लेक मिळून करू.