बसऱ्याला गेलेला माणूस

कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या ज्या घरांतला एखादा पुरुष पहिल्या महायुद्धात कामी आला, त्या घरांत त्याच्याविषयी बहुधा एवढेच ऐकू येते की तो पलटणीत होता, बसऱ्याला गेला आणि माघारी आला नाही. या एका वाक्यावर चार पिढ्या सरल्या. हे वाक्य अपुरे खरे, पण माझ्या मते ते खोटे क्वचितच असते. मुंबईहून सुटलेली जहाजे शत-अल-अरबच्या पात्रातून बसऱ्यास लागत, आणि तेथून पुढे बगदादच्या वाटेवर कोठेही शिपाई पडला तरी घरच्यांच्या लेखी तो बसऱ्यालाच गेलेला असे. नातवंडा-पतवंडांना आज शोध आरंभायचा असेल, तर या वाक्याचा अव्हेर न करता ते पहिला पुरावा म्हणून जपावे.

कारण इतिहासाशी ते जुळते. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उतरलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडच्या हाताखाली हे सैन्य टायग्रिसच्या काठाने बगदादच्या अगदी जवळ, टेसिफोनपर्यंत पोहोचले. तेथे चार हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाल्यावर त्याला माघार घ्यावी लागली, आणि ७ डिसेंबरला नदीच्या वळणातल्या कूत-अल-अमारा या गावात त्याच्याभोवती तुर्कांचा वेढा आवळला गेला. २४ डिसेंबरला तोफांनी ढासळलेल्या किल्ल्याच्या खिंडारावर तुर्क चालून आले, तेव्हा तो किल्ला राखणाऱ्यांत १०३ क्रमांकाची पलटण होती. पुढचे चार महिने शत्रूपेक्षा भुकेने अधिक छळले. घोड्याचे मांस खाण्यास बहुसंख्य हिंदी शिपायांनी अखेरच्या आठवड्यांपर्यंत नकार दिला. धर्माधिकाऱ्यांकडून अनुमती मिळवून आणली तरी घरी परतल्यावर जातभाई काय म्हणतील ही धास्ती काही सुटेना. पिठाचा शिधा मूठभरावर आला, अंगावर स्कर्व्हीचे चट्टे उठले. वेढा फोडण्यासाठी बसऱ्याकडून येणाऱ्या फौजेनेही वाटेत हजारो माणसे गमावली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांनी शस्त्रे खाली ठेवली आणि त्यांतले जे चालू शकत होते त्यांना बगदाद, मोसुल या मार्गाने वाळवंटातून हाकलत नेण्यात आले. पुष्कळ हिंदी शिपायांना रास-अल-ऐनच्या आसपास लोहमार्गाच्या कामावर लावले गेले, आणि त्यांतले कितीतरी तेथेच संपले.

अशा माणसाचे नाव कोठे सापडावे? स्वाभाविकपणे दृष्टी वळते ती बसऱ्याच्या स्मारकाकडे. १९२९ साली उघडलेले हे स्मारक प्रथम बसऱ्याजवळच्या माकिल येथील नाविक गोदीच्या धक्क्यावर होते. १९९७ मध्ये इराकच्या राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानाने ते नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर अंतरावर हलवण्यात आले. ज्यांना थडगे लाभले नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक आहे. पण त्या दगडावर इंग्रज शिपायाचे नाव कोरलेले असताना हिंदी शिपाई मात्र पलटणीपुढील एका आकड्यात सामावलेला आहे: अधिकाऱ्यांची नावे, आणि खाली इतर अमुक इतके. ज्या शासनाने गावोगाव फिरून, बापाचे नाव आणि छातीचे माप टिपून माणूस भरती केला, त्या शासनाला तो मेल्यावर त्याचे नाव कोरणे जड जावे, ही गोष्ट मला शंभर वर्षांनंतरही क्षम्य वाटत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात हा पक्षपात होता हे स्पष्ट शब्दांत मान्य केले.

दगडाने जे नाकारले ते कागदाने मात्र सर्वस्वी नाकारलेले नाही. आयोगाच्या मृतांच्या यादीत, जी आता संगणकावर घरबसल्या पाहता येते, या शिपायांपैकी फार मोठ्या संख्येची नावे आहेत, आणि नशीब बरे असेल तर हुद्दा, क्रमांक, पलटण व मृत्युदिनांक यांच्या पुढे बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही मिळतो. अडचण आहे ती नोंद ओळखण्याची. लिहून घेणारा कारकून पुष्कळदा परप्रांतीय, कानावर पडलेले मराठी नाव त्याने इंग्रजी अक्षरांत जसे जमेल तसे उतरवलेले, आडनाव कधी दिलेले तर कधी गाळलेले. म्हणून आडनावाने शोधू नये. पलटण धरावी, तालुका धरावा आणि मग त्या तालुक्याची सगळी माणसे एकेक करून वाचावीत. वाचताना हेही ध्यानात ठेवावे की आजचा रायगड जिल्हा त्या नोंदींत कुलाबा आहे, सिंधुदुर्गातली बरीच गावे रत्नागिरीत आहेत, सांगलीकडचे कित्येक तालुके साताऱ्यात आहेत, आणि भोर, सावंतवाडी यांसारख्या संस्थानांची गावे संस्थानाच्याच नावाखाली आढळतात.

पलटणीचा क्रमांक घरीच मिळण्याचा संभव असतो. पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. फडताळातले काळवंडलेले पदक घासून लखलखीत करण्याचा मोह आवरून ती कड भिंगाखाली वाचावी. मृताच्या वारसास तळहाताएवढी एक काशाची चकतीही दिली जाई, पण तिच्यावर केवळ नाव असते. क्रमांक मिळाला की १९२२ ची फेररचना स्मरावी: त्या वर्षी या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत एकवटल्या, १०३ ही तिची पहिली पलटण झाली, ११० तिसरी आणि ११७ पाचवी. बेळगावच्या रेजिमेंटल केंद्राशी पत्रव्यवहार करताना हा जुना-नवा क्रमांक देता आला तर पत्राला वजन येते. मृत्युदिनांकही बोलका असतो. २२ नोव्हेंबर १९१५ च्या पुढेमागे असेल तर टेसिफोन, त्यानंतरच्या एप्रिलपर्यंत असेल तर वेढा किंवा वेढा फोडण्याच्या लढाया. आणि कूतमधल्या पलटणीचा शिपाई २९ एप्रिलनंतर वारला असेल, तर कैद. कैदेतली तारीख मात्र अदमासाने घातलेली असू शकते, तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

आता येतो तो भाग, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि ज्याकडे परदेशी दफ्तरांच्या मागे धावणारे अभ्यासक सहसा पाहत नाहीत. परमुलखात मेलेल्या माणसाची नोंद गावच्या जन्ममृत्यूच्या पुस्तकात मिळेलच असे नाही. परंतु त्याच्या नावावर वीतभर जमीन असेल, तर ती दुसऱ्या कोणाच्या नावे चढल्याखेरीज सरकारी काम पुढे सरकत नसे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली होती, त्यामुळे १९१६ ते १९२० या काळातल्या फेरफारांत, अमुक खातेदार मयत, वारस बायको अमुक किंवा अज्ञान मुलगा तमुक, पालनकर्ता चुलता, अशी ओळ तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आढळू शकते. ज्या विधवेचे नाव घरात कोणालाच आठवत नाही, ते त्या ओळीत मिळण्याची आशा असते. खोती गावांत शिपायाचे घर खातेदार नसून कूळ असण्याचाच संभव अधिक, तेव्हा तेथे कुळांच्या नोंदी चाळाव्यात. जुने लिखाण मोडीत असेल तर जाणकार शोधावा. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने चालवलेल्या वर्गांतून मोडी वाचणारे तयार झाले आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रात वंशावळ सांगणाऱ्या हेळव्यांच्या चोपड्या यांतून बापलेकांची साखळी जुळते, आणि तीच पलटणीच्या यादीतल्या दोन सारख्या नावांतून आपला माणूस निवडून देते.

हे सारे ज्यांच्यापाशी जमीन होती, पदक होते, टिकून राहिलेली पलटण होती, त्यांच्यापुरते झाले. १९१७ साली उभारलेली १११ क्रमांकाची महार पलटण युद्धानंतर १९२१ मध्ये मोडून टाकण्यात आली, आणि तिच्या शिपायांच्या स्मृती जतन करणारे रेजिमेंटचे घरच उरले नाही. खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, हमाल यांची गणना तर लढणाऱ्यांत नव्हतीच; त्यांतल्या पुष्कळांना शिपायाच्या चांदीच्या पदकाऐवजी तेच पदक काशाचे मिळाले. घरात काशाचे युद्धपदक असेल तर ते हलके समजून बाजूला ठेवू नये, कारण पूर्वज कोणत्या कामावर होता याची ती नेमकी खूण आहे, आणि बसऱ्याच्या उन्हात पाणी वाहणाऱ्याचे मरण शिपायाच्या मरणाहून काडीमात्र उणे नव्हते.

ज्यांचे नाव आयोगाच्या यादीत मुळीच नाही, त्यांच्यासाठी वाट बंद नाही. पुराव्यानिशी अर्ज केल्यास आयोग सुटलेली नावे तपासून समाविष्ट करतो. म्हणून फेरफाराची सहीशिक्क्याची नक्कल, पदकाच्या कडेचे छायाचित्र आणि वंशावळ ही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीतच एकत्र करावीत, आणि त्यांना ठाऊक असलेली गावाची, भावकीची नावे त्यांच्याच तोंडून लिहून घेऊन तो अर्ज धाडावा.