बँकॉकचे पुढचे दार नदीवर आहे

बँकॉकची सहल मराठी पर्यटकाला आता नवी राहिलेली नाही. तीन रात्री-चार दिवसांचे पॅकेज घ्यायचे, सुवर्णभूमी विमानतळावरून एसी बसने हॉटेल गाठायचे, एका सकाळी राजवाडा आणि दोन मंदिरे उरकायची, उरलेला वेळ मॉलला द्यायचा. परतल्यावर बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो: ट्रॅफिक भयंकर, बाकी शहर मुंबईसारखेच. यात खोटे काही नाही, पण परसदारातून शिरलेल्या पाहुण्याला घराची मांडणी जशी विस्कळीत वाटेल, तसे हे झाले. बँकॉकचे पुढचे दार चाओ फ्राया नदीवर आहे. निदान एक दिवस तरी या शहरात पाण्यावरून शिरावे. एरवी कोड्यात टाकणाऱ्या कितीतरी गोष्टी मग आपोआप उलगडतात.

ब्रह्मदेशाच्या फौजांनी 1767 मध्ये अयुथ्या ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. ताक्सिन राजाने नदीच्या पश्चिम काठावर थोनबुरीला बस्तान बसवले. 1782 मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या राम राजाने राजधानी पूर्व काठावर हलवली, कारण शत्रू पश्चिमेकडून येणार आणि मध्ये नदी आडवी राहणार. पूर्वेच्या बाजूला त्याने कालवा खणून नदीला जोडला आणि शहराचे चक्क बेट केले. तेच आजचे रत्नकोसिन. जिथे राजवाडा व्हायचा होता तिथल्या चिनी व्यापाऱ्यांना तटाबाहेर सांपेंगला जागा मिळाली. आजचा चायनाटाउन तिथूनच वाढला. (त्याच सुमारास मुंबईत बेटांमधले पाणी बांध घालून हटवायची खटपट चालू होती. एक शहर पाणी खणून बेट करत होते, दुसरे पाणी बुजवून बेटे पुसत होते.) आणखी नवल म्हणजे राजवाड्यासमोरचे नदीचे रुंद पात्रसुद्धा मुळात कालवाच आहे. सोळाव्या शतकात जहाजांचा फेरा वाचावा म्हणून नदीच्या वळणाला छेद देणारा चर खणला गेला आणि नदीने तोच आपला मार्ग केला. मूळ वळण आज पश्चिमेकडच्या बारीक कालव्यांच्या रूपाने उरले आहे.

रस्त्याने शिरणे आणि पाण्यावरून शिरणे यांतला फरक नदीकाठचे वाट अरुण मंदिर पाहताना डोळ्यांना कळतो. ‘वाट’ म्हणजे विहार आणि ‘अरुण’ आपलाच, पहाटेचा. मेट्रोने जाऊन चालत निघालात तर तुम्ही देवळाच्या पाठीशी पोहोचता. समोरच्या काठावरून, वाट फो मंदिराजवळच्या था तियेन धक्क्यावरून होडी घेतलीत तर मधला उंच मनोरा पाण्यावरून हळूहळू अंगावर येतो. लांबून करडा दिसणारा हा मनोरा जवळ गेल्यावर रंगीत निघतो, कारण त्यावर चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे तुकडे फुलापाकळ्यांसारखे बसवलेले आहेत. चीनहून येणाऱ्या गलबतांत भार म्हणून भरलेली ही भांडी. म्हणजे देवळाचा साजसुद्धा पाण्यावरूनच आला.

यावर कोणी म्हणेल, हे जुन्या शहराचे झाले. आजचे बँकॉक रस्त्यांवर, स्कायट्रेनमध्ये आणि मॉलमध्येच जगते. मान्य. पण ते रस्ते असे का, हे तरी रस्त्यावर उभे राहून कळते का? 1861 मध्ये युरोपीय वकिलातींनी राजाकडे अर्ज केला की, घोड्यावरून आणि बग्गीतून रपेट करायला रस्ता नसल्याने आमच्या तब्येती बिघडतात. त्यातून चारोएन क्रुंग हा पहिला आधुनिक रस्ता झाला. पुढे कालव्यांच्या काठाने रस्ते आले आणि कालवे बुजवून ते रुंद झाले. आज बँका आणि कार्यालयांनी गजबजलेल्या सिलोम रस्त्याकडेचा कालवा असाच गेला. शेजारच्या साथोनचा मात्र दोन्ही बाजूंच्या वाहतुकीच्या मधोमध अजून वाहतो. मुख्य रस्त्यांना फुटणाऱ्या लांबलचक, पुढे बंद होणाऱ्या गल्ल्या, ज्यांना तिथे सोइ म्हणतात, त्यांतल्या पुष्कळ जुन्या शेता-बागांच्या लांबट पट्ट्यांवर बेतलेल्या आहेत. पट्ट्याचे तोंड कालव्याकडे असे, शेजारच्या पट्ट्याशी जोडण्याची गरज नव्हती. आता त्या गल्लीतल्या प्रत्येक गाडीला एकाच तोंडाने बाहेर पडावे लागते. ज्या ट्रॅफिकला आपण नावे ठेवतो, त्याचे मूळ निम्मे तरी इथे आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: कालव्यांना वास येतो. येतोच. सेन सेप कालव्याचे पाणी काळपट आहे, त्यात हात घालू नये. तिसऱ्या राम राजाच्या काळात, 1837 ते 1840 दरम्यान, कंबोडियाकडे फौजा नेण्यासाठी खणलेल्या या कालव्यात आज नोकरदार आणि विद्यार्थी लाँचने जातात. हेल्मेट घातलेला कंडक्टर लाँचच्या बाहेरच्या काठावरून, दोरीला धरून तिकिटे देत फिरतो. समोरून दुसरी लाँच आली की कडेचे प्रवासी दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर घेतात, शिंतोडे उडू नयेत म्हणून. ठेंगणा पूल आला की छतच खाली येते. जिवंत जलवाहतूक म्हणतात ती ही. ती भर शहरात सोडून तरंगता बाजार बघायला लोक सुमारे शंभर किलोमीटरवरच्या दामनोएन सादुआकला जातात आणि मुख्यतः पर्यटकांसाठीच मांडलेला बाजार पाहून येतात, याची गंमत वाटते.

सेन सेपच्या लाँचमध्ये चढणे-उतरणे मात्र झटपट असते, गुडघे दुखणाऱ्यांनी त्या फंदात पडू नये. त्यांच्यासाठी नदी आहे. सफान ताक्सिन स्थानकावर स्कायट्रेनमधून उतरले की पायऱ्यांखालीच साथोनचा धक्का लागतो. तिथले फलाट तरंगते आहेत, भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतात. था तियेनकडे जाणारी बोट तिथेच मिळते.