विश्लेषण : समुद्रतळावरचा सूक्ष्म ‘थर्मामीटर’! हिमयुगात खोल पाणी किती थंड होते, हे कसे कळते?

आंबेगाव तालुक्यातील शिनोलीच्या शिवारात पडणारा मोसमी पाऊस अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतो. याच पावसावर गावाजवळचे, घोड नदीवरचे डिंभे धरण भरते. पुढच्या शतकात हा समुद्र आणि हा पाऊस कसा वागेल, याचे अंदाज संगणकीय मॉडेल देतात. पण मॉडेल बरोबर आहे की नाही, हे तपासायचे कसे? भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ची. म्हणजे देशभराच्या पद्धतशीर नोंदी जेमतेम दीडशे वर्षांच्या. त्याआधीची लाखो वर्षांची नोंद समुद्रतळाच्या गाळात, वाळूच्या कणाएवढ्या कवचांत साठली आहे.

ही कवचे कोणाची?

फोरामिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांची. त्यांच्या अनेक जाती चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे कवच तयार करतात. बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरपेक्षा कमी. काही जाती पृष्ठभागाजवळ तरंगतात, तर काही थेट तळावर राहतात. जीव मेला की कवच गाळात पुरले जाते. वर्षानुवर्षे थरावर थर चढत जातात. तळावरच्या जातींची कवचे खोल पाण्याची माहिती देतात.

कवचातून तापमान कसे कळते?

पाण्यातील ऑक्सिजनचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे : हलका ऑक्सिजन-१६ आणि जड ऑक्सिजन-१८. पाणी जितके थंड, तितका जड ऑक्सिजन कवचात जास्त. तापमान एक अंशाने घटले, तर हे प्रमाण हजारात साधारण पाव भागाने वाढते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये ही कल्पना मांडली. सिझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये तिच्या आधारे हिमयुगांतील समुद्राच्या तापमानाचा आलेख तयार केला.

मग अडचण कुठे आली?

एकाच आकड्यामागे दोन कारणे निघाली. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी उडतो. हिमयुगात तो बर्फ होऊन जमिनीवरच अडकला आणि समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढले. म्हणजे थंडी आणि बर्फ, दोन्ही आकडा एकाच दिशेला ढकलतात. निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये दाखवले, की या बदलात बर्फाचा वाटा मोठा आहे.

हिशेब असा : हिमयुग आणि आज यांत तळाच्या कवचांतील फरक हजारात सुमारे पावणेदोन. त्यातला साधारण एक बर्फामुळे. उरलेला पाऊण म्हणजे खोल पाणी आजच्याहून सुमारे तीन अंश थंड. आज खोल समुद्राचे पाणी एक ते तीन अंशांचे असते. म्हणजे तेव्हा ते गोठण्याच्या बेतात होते.

ही विभागणी पडताळण्यासाठी आता त्याच कवचातील मॅग्नेशियम मोजतात. पाणी उबदार असेल तर कॅल्शियमच्या तुलनेत मॅग्नेशियम वाढते. त्यावरून तापमान स्वतंत्रपणे मिळते आणि ते वजा केले की बर्फाचा वाटा उरतो.

अरबी समुद्रात काय झाले?

२०१५च्या एप्रिल-मेमध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी खोदकाम केले. पाण्याची खोली साडेतीन हजार मीटरहून अधिक आणि त्याखाली तळात सुमारे १,१०० मीटरपर्यंत छिद्र. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन संस्थेचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतील पीटर क्लिफ्ट यांनी मोहिमेचे नेतृत्व केले. असा गाळ प्रयोगशाळेत चाळून धुतात, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकाच जातीची कवचे वेचतात, मग ती आम्लात विरघळवून त्यांचे मोजमाप करतात.

अरबी समुद्रात साधारण २०० ते १,००० मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू अत्यल्प आहे. गाळाच्या अभ्यासातून दिसते, की गेल्या हिमयुगाच्या अतिथंड टप्प्यांत हा पट्टा क्षीण झाला आणि उबदार टप्प्यांत पुन्हा बळावला. पश्चिम किनाऱ्यावरच्या मासेमारीसाठी ही नोंद महत्त्वाची आहे.

मर्यादा कोणत्या?

प्रत्येक जात कवच थोडे वेगळ्या रीतीने घडवते, त्यामुळे जातीनुसार स्वतंत्र कॅलिब्रेशन लागते. फार खोल पाण्यात कवचे विरघळून जातात. रेडिओकार्बनने वय साधारण ५० हजार वर्षांपर्यंतच ठरवता येते. त्यामागे इतर पद्धती वापराव्या लागतात.

शिनोलीशी याचा संबंध काय?

यंदा धरण कधी भरेल, हे कवचे सांगणार नाहीत. पण ज्या डेटावर मॉडेल बसवले, त्याच डेटावर ते तपासणे म्हणजे पेपर फोडून परीक्षा देणे. तापमानवाढीतील ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र शोषतो आणि खोल पाणी पुन्हा वर यायला शेकडो वर्षे लागतात. दीडशे वर्षांच्या नोंदींत हे चक्र पूर्ण मावतच नाही. मॉडेलला हिमयुगातील समुद्र बरोबर उभा करता आला, तरच २१००च्या पावसाबद्दलच्या त्याच्या आकड्यांना वजन येते. धरणे आणि कालव्यांचे पुढचे नियोजन अशाच आकड्यांवर बेतले जाणार आहे.