दगडावर काही नावे, वहीत सगळी
मावळातील चर्चवास्तू, स्मृतिशिला आणि नोंदवह्या कशा जपाव्यात

मावळचा इतिहास म्हटला की लोहगड-विसापूर, कार्ले-भाजे आणि वडगावची लढाई एवढेच डोळ्यांपुढे येते. याच मावळात दीडशेहून अधिक वर्षे ख्रिस्ती मंडळीही नांदत आली आहे, याची दखल आपल्या स्थानिक इतिहासाने फारशी घेतलेली नाही. आमच्या आंबीपासून इंद्रायणी ओलांडली की तळेगाव लागते. तिथून वडगाव, कामशेत, लोणावळा, खंडाळा या रेल्वेच्या वाटेने गेले की या इतिहासाच्या खुणा दिसू लागतात. त्या खुणा तीन प्रकारच्या असतात. पहिली चर्चची वास्तू, दुसरी भिंतीवरच्या किंवा दफनभूमीतल्या स्मृतिशिला आणि तिसरी कपाटातल्या नोंदवह्या.

जीर्णोद्धाराचा विषय निघाला की मंडळी आधी इमारतीकडे बघते, मग शिलांकडे, आणि वह्यांची आठवण सर्वांत शेवटी होते. हा क्रम उलटा असायला हवा, असे मला वाटते. तो का, हे सांगण्यासाठी वडगावपासून सुरुवात करतो.

इष्टुर फाकड्याचा दगड

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईकरांची सुमारे चार हजारांची फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून आली. बरोबर ओझ्याचे एकोणीस हजार बैल होते, असे इंग्रजांच्याच कागदांत आहे. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. पुढे इंग्रज तळेगावापर्यंत आले. तिथून रातोरात माघार घेताना त्यांनी अवजड तोफा तळ्यात लोटल्या. वडगावात ते वेढले गेले आणि १६ जानेवारीला त्यांना तह करावा लागला.

स्टुअर्ट शत्रूकडचा होता. तरीही त्याचे धाडस पाहून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. मानाजी फाकडे, कोन्हेरराव फाकडे यांच्या पंगतीत त्याला बसवले. त्याचे स्मारक वडगावात पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. ते टिकले याचे श्रेय लोकांना द्यायला हवे, कारण आसपासच्या माणसांनी त्या थडग्याला देवस्थानासारखा मान दिला. ज्या गावात महादजी शिंद्यांचे स्मारक आहे, त्याच गावात त्यांच्या शत्रूचा दगडही सांभाळला गेला. मावळच्या मनाचा हा मोठेपणा मानावा लागेल.

पण त्या दगडावर नाव एकाचे आहे. त्याच्याबरोबर मेलेले देशी शिपाई आणि बैलांमागचे बेलदार-हमाल यांची नावे कुठेच नाहीत. त्यांचा दगडही नाही आणि नोंदही नाही. दगड कोणाला मिळतो, हे हुद्दा आणि पैसा यांवर ठरत आले आहे.

घाटातली रेल्वे आणि नोंदवही

पुढचा मोठा प्रसंग बोरघाटातल्या रेल्वेचा. १८५६ मध्ये सुरू झालेले हे काम १८६३ मध्ये पुरे झाले. पंचवीस बोगदे खोदले गेले. १८६१ च्या सुमारास एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर कामावर होते. पटकीने आणि तापाने माणसे किती गेली, याला गणती नाही. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये येथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. ही दोन नावे रेल्वेच्या प्रत्येक इतिहासात सापडतात. मजुरांची नावे सापडत नाहीत.

रेल्वे सुरू झाल्यावर मात्र फरक पडला. लोणावळ्यात इंजिनांचा कारखाना आला, वसाहत आली. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये लोणावळ्यात प्रोटेस्टंट आणि रोमन कॅथलिक प्रार्थनालये व रेल्वेची शाळा असल्याची नोंद आहे. प्रार्थनालय आले की त्यामागून नोंदवही येते. मग ड्रायव्हर, फायरमन, फिटर, आया, खानसामा यांच्याकडचे जन्म, लग्ने आणि मृत्यू ओळीने लिहिले जाऊ लागतात. साहेबाचे मूल आणि खानसाम्याचे मूल एकाच वहीत, एकाच मापाच्या रकान्यात बसते. म्हणून म्हणतो की, दगडावर काही नावे असतात. वहीत सगळी असतात.

वहीत काय असते?

चर्चच्या वह्यांची पद्धत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १५३८ पासून दर पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी, असा हुकूम झाला. कॅथलिक चर्चमध्ये ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद बंधनकारक केली. आपल्याकडे पोर्तुगीज आणि इंग्रज आपापली पद्धत घेऊन आले.

अँग्लिकन बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचे नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा धंदा आणि विधी करणाऱ्याची सही असते. विवाहाच्या नोंदीत वय, धंदा, दोघांच्या वडिलांची नावे आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. लिहिता न येणाऱ्याने केलेली फुलीची खूणही असते. दफनाच्या नोंदीत बहुधा वय आणि मृत्यूचे कारण मिळते. एखाद्या वर्षी ‘पटकी’ हा शब्द पानभर खाली उतरत गेलेला दिसला, की त्या वर्षाबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. कॅथलिक वह्या बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात. त्यांत धर्ममातापित्यांची नावे असतात, आणि त्या माणसाचे पुढे लग्न झाले की बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात ते लिहिले जाते.

यात आपल्या इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे आईचे नाव. आपल्या वंशावळींत बाप, आजा, पणजा अशी माळ असते आणि बायका गळालेल्या असतात. बाप्तिस्म्याच्या वहीत आई नावानिशी हजर असते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रौढ वयात झालेला बाप्तिस्मा. अशा नोंदीत जुने नाव, नवे नाव आणि मूळ गाव शेजारीशेजारी मिळू शकते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावात शेकडो मुलींना आसरा दिला. अशा अनाथ मुलीच्या वंशजांना मागे जायचे झाले, तर चर्चची किंवा संस्थेची नोंद हाच बहुधा एकमेव दोर असतो.

दुसरी प्रत आहे का?

“लंडनला सगळ्याच्या नकला आहेत,” असे ऐकू येते. हे अर्धेच खरे आहे. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या नकला विलायतेला जात. १७०९ ते १९४८ पर्यंतच्या या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण त्यांत भरणा युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांचा आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या बहुतेक नोंदींची तिथे नक्कल नाही. त्यांच्यासाठी मूळ वही हीच पहिली प्रत आणि हीच शेवटची.

त्यात वह्यांची स्थलांतरे झाली. १९४८ मध्ये सरकारी पगारावरचे चॅप्लेन गेले. १९७० मध्ये सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. पुण्याचा कॅथलिक धर्मप्रांत १८८६ चा आहे, म्हणजे त्याआधीचा पत्रव्यवहार मुंबईकडेही शोधावा लागतो. प्रत्येक बदलाच्या वेळी कपाटे हलली, चाव्या हलल्या. आपल्या मंडळीची जुनी वही कोणत्या गावी, कोणाच्या ताब्यात आहे, हे एका कागदावर लिहून काढणे ही जपणुकीची पहिली पायरी आहे. त्याला पैसा लागत नाही.

राजवाड्यांनी गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दफ्तरे गोळा केली नसती, तर मराठ्यांच्या इतिहासाची साधने आज कुठे असती? १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच कळकळीतून. चर्चच्या वह्या हेही महाराष्ट्राचेच दफ्तर आहे. १७९२ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात पुण्याच्या सिटी चर्चला जागा मिळाली, ती पेशव्यांच्या चाकरीतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. तेव्हा हा इतिहास परका मानायचे कारण नाही.

वह्यांची काळजी

कसर, वाळवी आणि दमट हवा हे वहीचे तीन वैरी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे लोखंडी कपाट भिंतीला चिकटवून ठेवले की आत पाणी सुटते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच असावे. वह्या आडव्या ठेवाव्यात आणि स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडात बांधाव्यात. आपले जुने दफ्तरदार कागद रुमालात बांधत, त्यामागे अनुभव होता. कापड धूळ अडवते आणि हवा खेळू देते. प्लास्टिकची पिशवी मात्र ओल आत कोंडते.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि अक्षरासकट कागद खातो. पाने लॅमिनेट तर कधीच करू नयेत. जुनी शाई लोखंडाच्या क्षाराची असते. ओल लागली की ती कागद जाळते आणि अक्षराच्या जागी भोक पडते. पुसट झालेले अक्षर नव्या पेनाने गिरवणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

छायाचित्रे काढायला खिडकीचा उजेड पुरतो, फ्लॅश नको. कोऱ्या पानांसकट सर्व पाने क्रमाने घ्यावीत आणि दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. त्यानंतर सूची करावी. नाव, आईवडील, गाव, तारीख आणि पान क्रमांक एवढे रकाने पुरेत. सही मोडीत असेल तर मोडी जाणणाऱ्याला दाखवावी. स्पेलिंग चुकीचे वाटले तरी जसेच्या तसे उतरवावे. हयात माणसांच्या नोंदी मात्र जाहीर करू नयेत.

शिला आणि वास्तू

स्मृतिशिलेचा घात बहुधा चांगल्या हेतूनेच होतो. नाताळाआधी सफाई निघते आणि संगमरवरावर ॲसिड ओतले जाते. वरचा थर विरघळतो, दोन-चार सफायांत अक्षर सपाट होते. काळ्या दगडाला ऑइल पेंट दिला की आतली ओल पापुद्रा काढते. स्वच्छ पाणी आणि मऊ ब्रश यापलीकडे काही वापरू नये. अक्षर वाचायचे असेल तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात वाचावे. दफनभूमीचा हाती काढलेला नकाशा, ओळ आणि क्रमांक, छायाचित्र व लेखाची नक्कल हे सर्व एकत्र ठेवावे. मग दगड फुटला तरी मजकूर उरतो, आणि तो दफनाच्या वहीशी ताडून पाहता येतो.

वास्तूचे मर्म छपरात आणि चुन्यात आहे. मावळातल्या जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. काळा पाषाण पाणी फारसे शोषत नाही. भिंतीतली ओल सांध्यांतल्या चुन्यातून बाहेर पडते. तेच सांधे सिमेंटने भरले की ओल आत अडकते, गिलावा सुटतो आणि तुळयांची टोके कुजतात. चुन्याला चुन्यानेच दुरुस्त करावे. वैशाखात शाकारणी करावी, फुटकी कौले बदलावीत, पन्हळीतला पाला काढावा आणि भिंतीत उगवलेला पिंपळ रोप असतानाच उपटावा. दरवर्षीचे हे चार दिवसांचे काम टळले, की दहा वर्षांनी लाखांचा जीर्णोद्धार निघतो.

नवी मंडळी, पहिली वही

आज आंबी-नवलाख उंबरे भागात औद्योगिक वसाहतीमुळे देशभरातून कुटुंबे येत आहेत. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. त्यांच्याकडे जुनी वास्तू नाही, शिला नाहीत. पण नोंदवही पहिल्या दिवसापासून असू शकते. पूर्ण नाव, आईचे नाव आणि मूळ गाव चांगल्या शाईने टिकाऊ कागदावर लिहावे. घाटातल्या मजुरांना जे मिळाले नाही, ते या कामगारांच्या मुलांना एका ओळीत देता येते.

जुन्या मंडळींनी एवढे तरी करावे. येत्या वैशाखात कौले चाळायला माणूस येईल, त्याच आठवड्यात वह्यांचे कपाट उघडावे. वह्या मोजाव्यात, कोणत्या सनापासून कोणत्या सनापर्यंत आहेत ते लिहावे आणि त्या कागदावर पाळकासह दोघांनी सह्या कराव्यात. पुढच्या वर्षी तोच कागद हाती घेऊन वह्या पुन्हा मोजाव्यात.