फावल्या वेळचा छंद : चटक्यांची चित्रे

जळीत उसाचे नुकसान आपण जाणतोच. पण आगीच्या चटक्यातून चित्रही उमटते! गळीत हंगाम संपल्यावर आम्ही हा छंद धरला.

सामान थोडकेच. रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात तशी २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न; मात्र टोक नवे, शिसे न लागलेले हवे. शिवणीसारख्या फिकट लाकडाची वाळकी फळी घ्यावी. रंग दिलेली फळी किंवा प्लायवूड नको. त्यांचा धूर घातक.

फळी काचपेपरने रेषांच्या दिशेने घासावी व पेन्सिलीने चित्र हलके उतरवावे. टोक दाबायचे नाही, सावकाश ओढायचे. हात थबकला की तिथे काळा ठिपका पडलाच म्हणून समजा. आमचा पहिला गणपती असाच सोंडेपाशी करपला! चटका खोडरबराने निघत नाही. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर सराव, मग फिका चटका, शेवटी गडद.

काम हवेशीर जागी, पाचटापासून लांब करावे. गरम आयर्न पोरांजवळ ठेवून उठू नये.

दुसरा गणपती मात्र साधला. तो आता आमच्या देवघरात आहे. आणि करपलेलाही आम्ही टाकलेला नाही.