कलिंगडाची पक्वता आणि गोडी : बाह्य लक्षणांचा विचार

उन्हाळ्याच्या आरंभी मंडईत कलिंगडांच्या राशी लागल्या, म्हणजे त्यांच्याभोवती एक ठरावीक दृश्य दिसू लागते. कोणी फळ उचलून कानाशी धरतो, कोणी त्यावर टिचकी मारतो, कोणी देठ न्याहाळतो. आणि शेवटी बहुधा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून व्यवहार पुरा होतो. या परीक्षांपैकी कोणत्या सार्थ आणि कोणत्या केवळ रूढीने चालत आलेल्या, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु कलिंगड, म्हणजेच विदर्भातील टरबूज, हे असे फळ आहे की त्याच्या तोडणीत झालेली चूक मागाहून सुधारता येत नाही.

आंबा किंवा केळे कच्चे उतरविले तरी आढीत पिकते व गोड होते. कारण त्यांच्या गरात पिष्टाचा साठा असतो आणि पिकताना त्याचे शर्करेत रूपांतर होते. कलिंगडाच्या गरात असा साठा जवळजवळ नसतोच. त्यातील शर्करा वेलीच्या पानांत निर्माण होऊन देठावाटे फळात उतरते. देठ कापला की हा पुरवठा कायमचा संपतो. त्यानंतर रंगात मात्र थोडा फरक पडू शकतो. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात २१ अंश सेल्सियस तापमानात ठेवलेल्या अखंड कलिंगडांत लायकोपीन या तांबड्या रंगद्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. घरी आणून ठेवलेले फळ अधिक लाल होईल. अधिक गोड होणार नाही.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. फळ पक्व आहे काय, हा एक प्रश्न. ते गोड आहे काय, हा दुसरा. ग्राहकाच्या बहुतेक परीक्षा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात आणि ग्राहक ते दुसऱ्याचे उत्तर समजतो.

पक्वतेच्या लक्षणांत सर्वांत भरवशाचे लक्षण म्हणजे फळाच्या तळाचा डाग. ज्या बाजूने फळ जमिनीला टेकलेले असते तेथे सूर्यप्रकाश पोचत नाही व हरितद्रव्य धरत नाही. कोवळ्या फळात हा भाग पांढरट किंवा फिकट हिरवा असतो. फळ पक्व होऊ लागले की तो पिवळसर, लोण्याच्या रंगाचा होतो. ‘शुगर बेबी’सारख्या गडद सालीच्या वाणात हा फरक विशेष ठळक दिसतो. राशीतील फळांची ही बाजू सहसा खाली दडलेली असते. ग्राहकाने फळ उलटून पाहावे, कारण फळाच्या सालीवर एवढे स्पष्ट लिहिलेले दुसरे काही नसते.

शेतकऱ्याजवळ याहूनही चांगले साधन आहे. फळाच्या देठाशेजारी, त्याच पेऱ्यावर, आधाराला वेटोळे घालणारा एक तनावा असतो. फळ तयार झाले की तो तपकिरी होऊन वाळतो. परंतु तनावा वेलीवरच राहतो आणि बाजारात येतो तो फक्त देठाचा तुकडा. तो तुकडा सुकलेला पाहून अनेकांना समाधान वाटते. वस्तुतः त्यावरून फळ तोडून किती दिवस झाले एवढाच अंदाज करता येतो. खरबुजाची गोष्ट निराळी. ते पिकले की देठाच्या सांध्यापासून आपोआप सुटते आणि त्याचा वासही दरवळतो. कलिंगड चाकूने कापावे लागते, आणि अखंड असताना ते गंधाने काहीच सांगत नाही.

आता टिचकीविषयी. ही परीक्षा निराधार नाही. मात्र तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. फळावर आघात केला असता ते ज्या कंप्रतेने निनादते, ती गराच्या ताठरपणावर आणि फळाच्या वस्तुमानावर अवलंबून असते. कच्च्या फळाचा गर ताठर असतो, म्हणून आवाज उंच व खणखणीत येतो. पक्वतेबरोबर पेशीभित्तिका मऊ होतात, कंप्रता उतरते आणि आवाज भरदार, काहीसा पोकळ लागतो. अतिपक्व फळाचा नाद बसका व निर्जीव असतो. जपानी संशोधकांनी १९८० साली सफरचंद व कलिंगड यांवर आघात करून त्यांची नैसर्गिक कंप्रता मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे टिचकीलाच त्यांनी उपकरणाचे रूप दिले. पण येथे एक अडचण आहे. ताठरपणा तोच असताना मोठे फळ लहानापेक्षा खालच्या सुरात वाजते. म्हणून तीन किलोचे आणि सात किलोचे कलिंगड शेजारी ठेवून वाजविण्यात अर्थ नाही. एकाच वाणाची, सारख्याच आकाराची फळे वाजवून पाहिली तरच कानाला काही कळेल. आणि तेव्हाही कळेल तो गराचा मऊपणा. शर्करेला आवाज नाही.

वजनाचेही तसेच. फळात सुमारे ९२ टक्के पाणी असते. आकाराच्या मानाने हलके लागणारे फळ आत पोकळ पडलेले असण्याचा संभव असतो, म्हणून ते टाळणे योग्य. परंतु कच्चे फळही जड लागते. ‘नर’ कलिंगड व ‘मादी’ कलिंगड हा भेद तर निव्वळ कल्पित आहे. वेलीवर पुंपुष्पे व स्त्रीपुष्पे निरनिराळी येतात हे खरे. पण फळ धरते ते स्त्रीपुष्पाच्या किंजपुटापासूनच, आणि फळाला लिंग नसते.

मग पक्व फळही अगोड का निघते? रोगाने पाने करपली, तर शर्करा निर्माण करणारे क्षेत्रच कमी होते. तोडणीपूर्वी पाणी भरपूर दिले किंवा पाऊस झाला, तर रस पातळ होतो. म्हणून शेवटच्या दिवसांत पाणी कमी करण्याचा सल्ला दिला जातो. तापमानाचा परिणामही मोठा. फूल उमलल्यापासून साधारणतः ३० ते ४५ दिवसांत फळ तयार होते. थंडीत हा काळ लांबतो. नदीपात्रातील जुन्या डांगरवाड्यांची फळे ऐन उन्हाळ्यात येत, तेव्हा ही अडचण फारशी नव्हती. आज महाराष्ट्रातील पुष्कळ लागवड रमझानची मागणी डोळ्यांपुढे ठेवून होते, आणि हा महिना दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे सरकतो. २०१६ मध्ये तो जूनमध्ये सुरू झाला होता. २०२५ मध्ये मार्चच्या आरंभी. लागवड त्यामानाने थंडीत सरकते, फळ रेंगाळते आणि भाव मात्र थांबत नाही. अशा वेळी चार-सहा दिवस आधी तोडण्याचा मोह शेतकऱ्याला होणे स्वाभाविक आहे. त्याची किंमत ग्राहक देतो, आणि एकदा फसलेला ग्राहक पुन्हा फिरकला नाही तर शेतकरीही देतो.

शर्करेची खरी मोजणी अपवर्तनमापकाने होते. त्यासाठी रसाचा एक थेंब पुरतो. अमेरिकेच्या प्रतवारीत ८ टक्के विद्राव्य घन पदार्थ असलेला गर ‘चांगला’ आणि १० टक्के असलेला ‘फार चांगला’ गणला जातो. मंडईत त्याच्या जागी चाकू असतो. विक्रेता त्रिकोणी फोड काढून गराची लाली दाखवितो. पण पिवळ्या गराचे वाणही गोड असतात, तेव्हा लाली हा गोडीचा पुरावा नव्हे. फोड चाखावी, आणि ती खोलवर घेतलेली असावी. सालीजवळच्या गरात शर्करा कमी व मध्यभागी सर्वांत अधिक असते. उथळ फोड चाखून फळ नाकारणे जितके चुकीचे, तितकेच केवळ मध्यातील टोक चाखून ते घेणेही.