शरणपूरची मुले मोंबासात

नाशकात शरणपूर रस्ता ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. दवाखाने, बँका, दुकाने यांची तिथे नुसती रीघ लागलेली. पण हे ‘पूर’ कोणते आणि त्याला ‘शरण’ कोण आले, असे मी दरवर्षी वर्गात विचारतो. स्थलनामांचा पाठ शिकवताना हा प्रश्न हमखास रंगतो. एक विद्यार्थी म्हणतो, बिभीषण इथे रामाला शरण आला असावा. बिचाऱ्याचा दोष नाही. पंचवटीच्या गावात कुठल्याही नावाचा धागा रामायणापर्यंत ओढण्याची आम्हां नाशिककरांना सवयच आहे!

शरणपूर मात्र पुराणातले नव्हे. १८५० नंतरच्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या इंग्रज मिशनऱ्याने नाशिकबाहेर ही वसाहत वसवली. धर्म बदलल्यामुळे ज्यांना घरादाराला मुकावे लागले, त्यांना चार भिंतींचा आसरा मिळावा हा हेतू. पुढे त्या आसऱ्याला असे पाहुणे आले की ज्यांची कल्पना गोदाकाठच्या कुणी स्वप्नातही केली नसेल. ती होती आफ्रिकेतली मुले.

त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांचा व्यापार चाले. न्यासा सरोवराच्या बाजूची खेडी लुटून माणसे पकडायची, त्यांना समुद्रापर्यंत चालवत आणायचे आणि गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे न्यायचे, असा हा धंदा. ब्रिटिश आरमाराच्या नौका अशी गलबते अडवीत. सुटका झालेल्यांत पोरे पुष्कळ असत. त्यांना परत कुठे पाठवायचे? गाव जळलेले, आईबाप मेलेले किंवा विकले गेलेले, आणि सहा-सात वर्षांच्या पोराला आपल्या गावाचा पत्ता तरी काय सांगता येणार! यांतली काही एडनमार्गे, काही थेट मुंबईला उतरवली गेली. मुंबईत त्यांच्यासाठी मिशनने आश्रम चालवला होता. तो १८६० च्या सुमारास शरणपुरास हलला.

मुलांना इथे अक्षरओळख झाली आणि सुतारकी, लोहारकी असे हातचे कसबही मिळाले. नावे मात्र नवी पडली. चेंग्विंबे नावाचा याओ जमातीचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. शाळेत इंग्रजी, भोवती मराठी, बाजारात हिंदुस्तानी, असा तीन बोलींचा कालवा त्यांच्या कानांवर रोज पडत असणार. आईची भाषा बोलायला समोर आईच नव्हती. ज्या भाषेत कुणी हाक मारत नाही, ती लहान मुलाच्या जिभेवरून किती लवकर उतरते, हे भाषेच्या शिक्षकाने सांगायला हवे असे नाही. कुठलीही आई ते सांगेल.

या मुलांतल्या काहींचे नाव जगाच्या इतिहासात लागले. डॉक्टर लिव्हिंग्स्टन १८६५ साली नाशकास आला आणि शेवटच्या सफरीसाठी इथले नऊ तरुण त्याने निवडले. १८७२ साली आणखी सहाजण त्याच्या मदतीला गेले. १ मे १८७३ रोजी तो मध्य आफ्रिकेतल्या एका खेड्यात वारला, तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना वाचली आणि झाडावर त्याचे नाव कोरले ते जेकब वेनराइटने. तो शरणपूरचाच विद्यार्थी. शेकडो मैल पायी चालत या माणसांनी ते शव किनाऱ्याला आणले. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा पेटीच्या मानकऱ्यांत जेकब हा एकटा आफ्रिकी होता. ही कहाणी पुस्तकांतून पुष्कळदा आली आहे. मला अधिक कुतूहल वाटते ते ज्यांच्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही त्या संसारी माणसांचे.

कारण शरणपूरची ही पोरे मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, अंगणात त्यांची लेकरे रांगू लागली. १८६४ सालीच विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे आपापल्या बायकांसह मोंबासाजवळच्या राबाई येथे मिशनच्या कामासाठी गेले होते. १८७३ साली झांजिबारच्या सुलतानाने तहावर सही केली आणि तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. हा तह व्हावा म्हणून सर बार्टल फ्रिअर स्वतः झांजिबारला जाऊन आले होते. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या फ्रिअरना नाशिकचे हे आफ्रिकी लोक चांगले ठाऊक होते. सुटलेल्या गुलामांची वसाहत आफ्रिकेतच करावी आणि तिथे शिकवायला नाशिकची शिकलेली माणसे न्यावीत, असे ठरले. प्राइसच पुढे झाला. मोंबासा बेटासमोर किसौनी येथे १८७५ साली जागा घेतली गेली आणि वसाहतीला नाव पडले फ्रिअरटाउन. मुंबई इलाख्यातून सुमारे दीडशे माणसे तिकडे गेली. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम बंद झाला.

कागदावर याला ‘स्वदेशी परतणे’ म्हणतात. पण त्या बिऱ्हाडाची कल्पना करून पाहा. नवरा आफ्रिकेत जन्मलेला, पण तिथली बोली विसरलेला. पोरे तर हिंदुस्थानातच जन्मलेली. त्यांच्या लेखी देश म्हणजे शरणपूर. मोंबासाला उतरल्यावर रंग सगळ्यांचा सारखा, पण बोलणे कुणाचे कळेना. तिथे भाषा स्वाहिली. यांचे कपडे इंग्रजी वळणाचे, चालीरीती निराळ्या. त्यांना तिथे नाव मिळाले ‘मुंबईचे आफ्रिकी’! नाशकात ते आफ्रिकी म्हणून वेगळे आणि आफ्रिकेत मुंबईचे म्हणून वेगळे.

तरीही ही माणसे तिथे रुजली. हातात कसब होते. सुतार, लोहार, शिक्षक, दुभाषे म्हणून त्यांच्यावाचून वसाहतीचे पान हलेना. गलबतांतून सुटून आलेल्या धास्तावलेल्या माणसांना धीर द्यायला यांच्याइतके लायक दुसरे कोण होते? ते दुःख त्यांनी स्वतः भोगलेले. जोन्स आणि सेम्लर यांना १८८५ साली धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा मागे राहिलेला तांडा जोन्सने सांभाळून परत आणला. पण सगळे गोड झाले असेही नाही. पगार आणि मान यांवरून गोऱ्या मिशनऱ्यांशी खटके उडत. शिकवून शहाणे केलेला माणूस बरोबरीने बसू लागला की शिकवणाऱ्याला ते जड जाते.

फ्रिअरटाउनच्या घंटेचा मनोरा आजही मोंबासात उभा आहे. स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात, म्हणून त्या भागाला केंगेलेनी म्हणतात. त्या घंटेच्या सावलीत वाढलेल्या पिढीची भाषा स्वाहिली झाली. तिथल्याच एका सुटका झालेल्या गुलामाचा मुलगा जेम्स म्बोटेला याने १९३४ साली गुलामांच्या मुक्ततेवर स्वाहिलीत पुस्तक लिहिले. आपला वेलिंग्टन म्हातारा होऊन १९३५ साली मोंबासातच वारला.

हे सगळे आज सांगायचे कारण आमच्या शेजारी आहे. तिथे एक निवृत्त शिक्षक राहतात. मुलगा-सून अमेरिकेत. गेल्या सुट्टीत सहा वर्षांची नात आली होती. आठ दिवस मजेत गेले आणि नवव्या दिवशी तिने विचारले, “आजोबा, आम्ही घरी कधी जायचं?” आजोबांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, “सर, आपलं घर तिला घर वाटत नाही हो.”

मी त्यांना या बिऱ्हाडांची हकीकत सांगितली. मुलांचा देश आईबापांच्या जन्मदाखल्यावरून ठरत नाही. जिथे खेळगडी भेटतात, जिथे झाडाला, पावसाला, भाकरीला पहिले नाव मिळते, तो त्यांचा देश. शरणपूरच्या पोरांना रक्ताच्या देशातसुद्धा पुन्हा अआइईपासून शिकावे लागले. फरक एवढाच की, त्यांच्या मागे हाक मारणारे कुणी उरले नव्हते. या पोरीला आजोबा आहेत.

तेव्हा नातवंडे ‘तिकडची’ झाली म्हणून कष्टी होऊ नये. दर रविवारी फोनवर मराठीत एक गोष्ट सांगावी. अर्धी कळली नाही तरी चालेल. हाक ऐकू येत राहिली की भाषा जिभेवरून पुरती उतरत नाही. शेजारच्या सरांनी दिवाळीच्या आधीच हा क्रम सुरू केला आहे. पहिली गोष्ट त्यांनी कोणती निवडली, विचारता? चिमणी-कावळ्याची. पावसात वाहून गेलेल्या घराची आणि दार वाजवणाऱ्या पाहुण्याची.